फिल्लमचे वाटे

मतलई सुरू झाली की मला अजून पहाटे जाग येते. डोंगराकडून समुद्राकडे जाणारा हा वारा मार्गशीर्ष लागता लागता आमच्या किनाऱ्यावर उतरतो आणि ऊन तापायच्या आत गुमान निघून जातो. त्याला पाऊस आणायचा नसतो, होड्या उलटवायच्या नसतात, त्यामुळे त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. अंगणातल्या गवताच्या उडवीचा वास, थंडावलेल्या मातीचा वास आणि कुणाच्या तरी चुलीवर चढलेल्या पेजेचा वास, एवढंच सामान घेऊन तो जातो. नोकरीची सगळी वर्षं मी घाटावर काढली. तिथे थंडी पुष्कळ, पण मतलई नाही. निवृत्त होऊन मालवणला परतलो त्याची बाकीची कारणं मी लोकांना सांगतो, हे एक सांगत नाही.

यंदाही ती आली. परवा सकाळी किनाऱ्यावर गेलो तर रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते वाळूकडे ओढत राहतात. त्यात अख्खी सकाळ जाते. हल्ली ती क्वचितच लागते, आणि लागली की पाहुणेमंडळी हातातले फोन उंच धरून भोवती उभी राहतात. परवाही होती. मला त्यांचा वैताग आला नाही, हसू आलं. या वाळूवर रापणीचं हलतं चित्र सगळ्यांत आधी आम्ही घेतलं, असा माझा समज आहे, आणि तो खोडून काढायला कुणी पुढे येईल असं वाटत नाही.

पन्नासचं दशक संपून साठचं लागलं होतं. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. इनास, सद्या, भिकू आणि मी. सद्याच्या वडिलांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. त्यामुळे त्याच्या अंगावर कायम चांगला सदरा असायचा, आणि आपण नायक आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. इनासचं घर चर्चच्या मागे. त्याचा मामा बोटीवर खलाशी होता. माझे वडील शाळामास्तर, म्हणून जे काही लिहायचं असेल ते माझ्याकडे यायचं. आणि भिकू हा रापणीच्या तांडेलाचा थोरला मुलगा. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं आणि शेवटी मासळीचे वाटे कसे लावायचे, हे सगळं तो ठरवणार. भिकूनं शाळा संपली की त्या दोरावर उभं राहायचं, हे तो जन्मला तेव्हाच ठरून गेलं होतं. त्याबद्दल त्याच्या घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

आम्हाला सिनेमा माहीत होता तो तंबूतला. दिवाळीनंतर भातकापणी उरकलेल्या मळ्यात तंबू पडायचा. जनित्राचा आवाज इतका मोठा असे की पडद्यावरची माणसं काय बोलतात ते निम्मंच ऐकू यायचं. उरलेलं आम्ही परत येताना भरून काढायचो, आणि सद्या ते मूळच्यापेक्षा लांबवायचा. भिकू त्यात कधी पडत नसे. तो एकदाच म्हणाला होता, "तो माणूस रडता तेवा तेच्या पायांकडे बगलास? पाय रडत नाय होते." आम्ही तिघांनी पायांकडे बघितलंच नव्हतं.

त्या वर्षी इनासचा मामा, मिंगेल माम, रजेवर आला आणि त्याच्या पेटीतून एक कॅमेरा निघाला. मुठीत मावेल एवढा, काळा, बाजूला घड्याळाला असते तशी चावी. सोबत चित्र दाखवायचं छोटं यंत्र आणि कोरी रिळं. माम बोटीवर कुणाच्या तरी नादानं हा छंद लावून घेऊन बसला होता आणि रजेत त्याला तो आधीच पुरे झाला होता. त्याला मुळात झोपायचं होतं, माशाचं कालवण खायचं होतं आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारायच्या होत्या. त्यानं कॅमेरा आमच्या हवाली केला. "चावी सोपली काय तो थांबता. मगे परत दी. आणि उन्हात उघडू नको," एवढंच शिक्षण. बोटीवर परत जाईपर्यंत तो आमचा होता.

कॅमेरा कुणाच्या हाती द्यायचा यावर वाद झाला नाही. सद्याला पुढे उभं राहायचं होतं, मला गोष्ट सांगायची होती, इनासला सगळ्यांवर हुकूम सोडायचा होता. उरला भिकू. त्यानं तो हातात घेतला, डोळ्याला लावला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही. आम्हाला वाटलं बिघडला.

माझी गोष्ट अशी होती: एक चोर, म्हणजे मी, देवळातला मुकुट पळवतो. एक शूर तरुण, म्हणजे सद्या, त्याचा वाळूतून पाठलाग करतो. शेवटी तो चोराला पकडून उपदेश करतो. मुकुट आम्ही दशावतारी मंडळींकडून मागून आणला होता. तिथेच आमचं चुकलं. मुकुटाबरोबर दशावतारही आला. आमच्याकडचा नट रंगात आला की त्याला लिहिलेलं लागत नाही, तो आपल्या मनानं बोलत सुटतो, आणि जितका लांब बोलेल तितका मोठा नट. सद्या लहानपणापासून तेच बघत आलेला. आमचा कॅमेरा मुका आहे, त्यात आवाज उमटत नाही, हे त्याला दहा वेळा सांगून झालं. त्यानं मान डोलवली आणि वाळूत उभा राहून धर्म, नीती आणि आईबापांची सेवा यांवर बोलायला लागला. अर्ध्या मिनिटात चावी संपून कॅमेरा थांबला.

"माझा भाषण अजून सोपाक नाय," सद्या म्हणाला.

"चावी सोपली," भिकू म्हणाला.

"मगे परत दी. मी थंयसूनच बोलतंय."

असं करत एक अख्खं रीळ सद्याच्या तोंडात गेलं. मी चोर म्हणून त्याच्या पायाशी पडून होतो, माझ्या नाकात वाळू जात होती, आणि आपण लिहिलेल्या गोष्टीत इतका उपदेश नव्हता हे मला कळत होतं. पण सद्याला थांबवणं कुणाला जमलं आहे? आज तो नाही, तरी त्याची आठवण काढताना मधे बोलायला मला भीती वाटते.

दुसऱ्या रविवारी पाठलाग घ्यायचा होता. मतलई पडत आली होती, समुद्र तळ्यासारखा सपाट. आम्ही वेष करून उभे राहिलो आणि बघतो तर भिकू आमच्याकडे पाठ करून उभा. पलीकडे त्याच्याच बापाची रापण लागली होती आणि कॅमेरा तिकडे वळला होता.

"आमी हंय उबे आसंव," सद्या ओरडला. "तू थंय काय बगतंस?"

"तुमी काय पळान जातत नाय," भिकू वळूनही न बघता म्हणाला. "जाळा वर इला काय ता सोपला."

आम्ही रागारागानं त्याच्या मागे गेलो. रापणीचा एक नियम आहे. जो तिथे उभा राहील त्यानं दोराला हात लावायचा, आणि ज्यानं हात लावला त्याला वाटा मिळायचा, मग तो कुणीही असो. वाटसरू असला तरी. तांडेलानं आम्हाला पाहिलं. उंच, काटकुळा माणूस. डोक्याला पंचा. आवाज मात्र त्या देहात कसा मावायचा कोण जाणे.

"हंय उबो ऱ्हवलंस तर दोरयेक हात लाव," तो मुलाला म्हणाला.

"हात मोकळो नाय, बाबा."

तांडेलानं त्या काळ्या डबीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मगे मोकळे आसत तेंका पाठय."

अशा तऱ्हेनं मुकुटचोर, शूर तरुण आणि दिग्दर्शक असे तिघंही दोराला लागलो. काथ्याचा ओला दोर तळहात सोलून काढतो. टाचा वाळूत रुतवायच्या, अंग मागे टाकायचं, ओरड आली की ओढायचं, पुन्हा पुढे सरायचं. सद्याचा चांगला सदरा खांद्यावर फाटला. भिकू मधेमधे फिरत होता, कधी वाळूवर आडवा पडत होता, कधी कमरेएवढ्या पाण्यात. रापणकरांना त्याचं काहीच वाटलं नाही. घरचाच पोरगा. त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही म्हणूनच ते त्या चित्रात तसे दिसतात, हे मला फार पुढे उमगलं.

जाळं वर आलं तेव्हा त्यात बांगडे होते, पेडवे होते, खेकड्यांची उगाच गर्दी होती. तांडेलानं वाटे लावायला घेतले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग माणसांचे. आम्हा तिघांचे लहान वाटे पडले. आणि मग त्यानं मूठभर बांगडे वेगळे काढून भिकूच्या पायाशी टाकले.

"ह्यो कोणाचो?" कुणीतरी विचारलं.

"ह्या डबयेचो," तांडेल म्हणाला. "जाळ्याक वाटो आसा, होडयेक आसा. ह्येणी पण सकाळपासून काम केल्यान मा?"

कुणी हसलं नाही. ते सगळ्यांना पटलं. कॅमेऱ्याचे बांगडे रीतसर मिंगेल मामच्या घरी पोचते झाले आणि त्यानं ते तळून खाल्ले.

उरलेली रिळं भिकूनं रापणीवरच खर्च केली, आमच्या गोष्टीचा पाठलाग जेमतेम दोन चाव्यांत उरकून. आम्ही चिडलो, पण चिडायलाही सवड नव्हती, कारण परीक्षा जवळ आली होती. रिळं धुवायला मामनं मुंबईला पाठवली. मग वाट बघणं आलं. पौष गेला, माघ आला. अंगणातल्या आंब्यांना मोहर धरला. सकाळी अभ्यासाला बसलं की मोहरावरचं दंव पुस्तकाच्या पानावर पडायचं. त्या दिवसांतलं भूमितीचं एकही प्रमेय मला आठवत नाही, पण पोस्टमनच्या सायकलची घंटी आठवते.

याच सुमारास भिकूच्या आईचा एक मामेभाऊ जत्रेसाठी मुंबईहून आला. तो तिकडे एका स्टुडिओत दिवे उचलायच्या कामावर होता. भिकूनं त्याला काय विचारलं ठाऊक नाही, पण त्यानं जे उत्तर दिलं ते आम्ही चौघांनीही ऐकलं. आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो.

"कॅमेऱ्याचो आमचो सायब हाताखाली पोरां घेता," तो म्हणाला. "तेका दाखवतंय. पण आख्खी फिल्लम घेवन ये. तुकडो दाखवणारे रोज येतत. सायबाक पयल्यापासून शेवटापर्यंत बगूक व्हया."

भिकू "बरा" म्हणाला. त्याचा चेहरा मी त्या वेळी बघितला. पुढे माझ्या ओळखीच्या अनेक माणसांना हवं ते मिळालेलं मी पाहिलं, पण हवं असणं इतकं उघडं पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मॅट्रिक झाली की मुंबई, की दोर, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर त्या रिळांवर होतं.

रिळं आली. मामनं ती एकाला एक जोडून अख्खी फिल्म केली. इनासच्या घरी वीज होती, पेठेकडच्या मोजक्या घरांपैकी ते एक. ओटीवरच्या भिंतीला चुना काढला आणि दिवेलागणीला खेळ लावला. रापणकर सगळे आले होते, बायकामुलांसकट. तांडेल दाराशी उकिडवा बसला. आधी सद्या दिसला. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, हात वर जात होते. लोक खदखदून हसले. सद्या लाल झाला, मग तोही हसू लागला. मी चोर म्हणून पळालो, तेव्हा माझ्या आईनं हळूच विचारलं की हा लंगडतो का.

मग भिंतीवर दोर आला. नुसता दोर, पाणी निथळणारा. मग त्याच्यावर एक हात, मग दुसरा. मग टाचा वाळूत रुतताना. मग एका रांगेत मागे झुकलेल्या पाठी. तांडेलाचं उघडलेलं तोंड, आणि आवाज नाही.  ओटीवर बसलेल्या रापणकरांतल्या एका म्हाताऱ्यानं एकाएकी दोर ओढायची ओरड दिली. तोंड उघडलं होतं भिंतीवर आणि आवाज ओटीवरून. बाकीच्यांनी त्याला साथ दिली. फिल्म संपेपर्यंत ते सगळे बसल्या जागी ओरडत होते, भिंतीवरची आपलीच माणसं थकू नयेत म्हणून.  मिंगेल माम यंत्र सांभाळत उभा होता, त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली.

दिवा लागल्यावर एक बाई म्हणाली, "आणि मासळी खंय?"

मासळी नव्हतीच. जाळं वर यायच्या आधी शेवटचं रीळ संपलं होतं. रापणकरांना हे चमत्कारिक वाटलं, की सगळा वेळ ओढायचं आणि हाती काही नाही. तांडेल उठला, पंचा झटकला आणि जाताना एवढंच बोलला, "हात बरे इले." भिकूसाठी तेवढं बास होतं. घरी जाताना तो अंधारात शीळ घालत होता.

परीक्षा झाली. फाल्गुनात मामला बोटीचं बोलावणं आलं. कॅमेरा, यंत्र सगळं पेटीत गेलं, आणि फिल्मचं भेंडोळं त्यानं ओटीवर ठेवलं. "ह्या तुमचा," म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, की तुमचं म्हणजे कुणाचं.

सद्या म्हणाला, फिल्ममध्ये सगळ्यांत जास्त मी आहे. इनास म्हणाला, कॅमेरा आमच्या घरचा. मी म्हणालो, गोष्ट माझी. भिकू काही म्हणाला नाही. आम्हा तिघांनाही विहिरीवरचं बोलणं ठाऊक होतं. पण वाटे व्हायची वेळ आली की माणसाची नजर आपल्या वाट्यावर असते, आणि कुणी मागितलं नाही तर कुणाला द्यायचं सुचत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माणसांची रीत म्हणून सांगतो. शेवटी इनासच म्हणाला, तांडेलाकडे जाऊ, तो सांगेल तसं करू. या किनाऱ्यावर वाटे करायचे तर त्याच्याइतका चोख माणूस नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मला तर हायसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीच्या सावलीत चटई अंथरली. कुठूनशी सुरंगीच्या वळेसरांचा, म्हणजे गजऱ्यांचा, वास येत होता. बाजाराच्या वाटेवर बायका तो घेऊन निघाल्या होत्या. मिंगेल मामही आला.

"कापल्यार मरता काय ह्या?" तांडेलानं त्याला विचारलं.

"मरणा नाय. जेवडो तुकडो तेवडाच दिसतला."

तांडेलानं एकवार मुलाकडे पाहिलं. मग भेंडोळं सोडलं आणि दोर मोजावा तशी ती फिल्म दोन्ही हात पसरून वावेनं मोजली. जाळं विणायच्या सुरीनं कापली. आमचे चार आणि कॅमेऱ्याचा एक, असे वाटे चटईवर लावले. रापणकरांचा वाटा त्यांना मासळीत पोचला आहे, असं त्यानं स्वतःच जाहीर करून टाकलं. मग रिवाजाप्रमाणे एकानं पाठ करून उभं राहायचं असतं. वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, आणि पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं, म्हणजे पक्षपात होत नाही. भिकूला पाठमोरं केलं.

"ह्यो कोणाचो?"

"कॅमेऱ्याचो."

"ह्यो?"

"सद्याचो."

भिकूनं नावं घेतली, सपाट आवाजात. आम्ही आपापली पट्टी उचलून उन्हाकडे धरली. माझ्या वाट्याला माझं लंगडणं आलं, बरोबर दोराचा थोडा भाग. दोर आणि टाचा, म्हणजे सगळ्यांत चांगलं होतं ते, सद्याकडे गेलं. पाठी आणि तांडेलाची ओरड कॅमेऱ्याच्या वाट्यात मामकडे गेली, आणि त्याच आठवड्यात बोटीवर चढून कुठल्या तरी समुद्रापार झाली. इनासला पाण्याचा भाग मिळाला. आणि भिकूच्या पट्टीवर पहिल्यापासून शेवटापर्यंत सद्या होता, धर्म आणि नीती यांवर बोलत असलेला.

सद्यानं स्वतः ते पाहिलं आणि त्याला कसंसंच झालं. तो माणूस बडबड्या होता, पण आतून सरळ. "बदलूया," तो भिकूला म्हणाला. "तू तुझे हात घे, माका माझा त्वांड दी."

"पडलो तो वाटो," भिकू म्हणाला. "बदलूचो नाय."

आम्हाला त्याचा अभिमान वाटला. रापणीतला माणूस आहे, असं आम्ही एकमेकांत म्हणालो. पुढे घाटावर असताना मी ही हकिकत किती जणांना सांगितली असेल त्याला गणती नाही. आमच्याकडे वाटा कसा पवित्र असतो, आणि आमचा एक मित्र त्यासाठी हातात आलेली संधी कशी सोडून देतो, असं. ऐकणारे हळहळायचे, आणि आपण अशा गावचे आहोत म्हणून मला बरं वाटायचं.

भिकू ती पट्टी घेऊन मुंबईला गेला. साहेबानं ती दिव्यासमोर धरली आणि विचारलं, हा कोण, आणि इतका वेळ काय बोलतोय. भिकूला भाषण आठवेना. साहेबानं पट्टी परत दिली, चहा पाजला आणि आणखी काही असेल तर घेऊन ये म्हणाला. भिकूनं आणखी काही आणलं नाही. काही वर्षं त्यानं गोदीत काम केलं, मग बापाचे गुडघे गेले तेव्हा परत येऊन दोर धरला. चांगला तांडेल झाला. त्याच्या हातचे वाटे चोख असतात, हे अजूनही लोक म्हणतात. त्याचं वाईट झालं असं कुणी म्हणू शकणार नाही, आणि मीही म्हणत नाही.

परवा तो होडीच्या सावलीत बसला होता. आता दोरावर त्याचा पुतण्या असतो. मी शेजारी टेकलो. पाहुण्यांचे फोन वर गेलेले दिसत होते. त्यांच्यावरून बोलणं निघालं आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं मी विचारून टाकलं.

"तुका आख्खी व्हयी होती, ता तुझ्या बापसाक ठावक नाय होता काय रे?"

"होता," भिकू म्हणाला. "त्या दिवशी सकाळी वाटेर तेणी माका इचारल्यान. आख्खी घेवन जातंस? पोरांक मी सांगतंय, तीं माझा आयकतली."

तांडेलानं सांगितलं असतं तर आम्ही एका शब्दावर ऐकलं असतं. सद्याही.

"मगे?"

"मी नको म्हटलंय."

माझ्या जिभेवर ती घाटावरची गोष्ट तयारच होती. "आमचे वाटे ऱ्हवतले म्हणान," मी म्हणालो.

भिकूनं माझ्याकडे बघितलं. थोडं नवलानंच. "तुमच्यासाठी कित्याक?" तो म्हणाला. "आख्खी घेवन गेलंय आसतंय आणि सायब नाय म्हणालो आसतो, तर मगे काय ऱ्हवला आसता? तुकडो नेलंय, म्हणान आज म्हणाक तरी येता, आख्खी आसती तर घेतल्यान आसता."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळलं नाही. मतलई केव्हाच पडली होती. ऊन होडीखाली शिरायला लागलं होतं.

"आणि घेतल्यान आसता काय?" मी विचारलं.

"खबर नाय," भिकू म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "खबर नाय म्हणानच इतकी वर्सां बरी गेली."